चार टक्के की दहा टक्के? महाधमनीच्या शस्त्रक्रियेतला धोका कसा वाचावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७४ वर्षांचे. दुसऱ्याच तक्रारीसाठी पोटाची सोनोग्राफी केली आणि महाधमनीला फुगवटा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, सापडला. रुंदी ५.६ सेंटिमीटर. मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात, आठ वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका, सिगारेट तेव्हापासून बंद. एका सर्जनने शस्त्रक्रियेत ४ टक्के धोका सांगितला, दुसऱ्याने १० टक्के. एवढा फरक कसा, कोणाचं ऐकायचं, आणि आधी हृदयाची अँजिओग्राफी करून घ्यावी का?

मी रक्तवाहिन्यांची सर्जन आहे आणि बरीच वर्षं हेच काम करते आहे. वडिलांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे अमुकच करा असं सांगणार नाही. पण हे आकडे कुठून येतात आणि त्यांच्यावर कितपत विसंबायचं, हे सविस्तर सांगते.

आधी हे लक्षात घ्या की दोन्ही आकडे एकाच वेळी बरोबर असू शकतात. ४ टक्के हा बहुधा मृत्यूचा आकडा आहे. ब्रिटनमधल्या ईव्हार-१ या चाचणीत ६० वर्षांवरचे, किमान ५.५ सेंटिमीटरचा फुगवटा असलेले आणि दोन्ही प्रकारची शस्त्रक्रिया झेपेल असे रुग्ण घेतले होते. २००४ मध्ये तिचे पहिले निष्कर्ष आले. पोट उघडून कृत्रिम नळी शिवलेल्या, म्हणजे ओपन शस्त्रक्रियेच्या, रुग्णांपैकी ४.७ टक्के ३० दिवसांत दगावले. जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे धमनीला आतून अस्तर लावणारी नळी, बसवलेल्यांपैकी १.७ टक्के. या दुसऱ्या पद्धतीलाही ईव्हारच म्हणतात. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या ड्रीम चाचणीत हेच आकडे ४.६ आणि १.२ होते. ओपन शस्त्रक्रिया मनात धरून कोणी ४ टक्के म्हणत असेल, तर ते इथून येतं.

१० टक्क्यांची वाट वेगळी. शस्त्रक्रियेआधी हृदयाचा धोका मोजायला सगळीकडे एक सहा मुद्द्यांची मोजपट्टी वापरतात, रिव्हाइज्ड कार्डियाक रिस्क इंडेक्स. ती १९९९ मध्ये आली. मोठी शस्त्रक्रिया, हृदयाच्या धमन्यांचा आजार, हार्ट फेल्युअर, पूर्वी पक्षाघात, इन्सुलिनवर असलेला मधुमेह आणि डेसिलिटरमागे २ मिलिग्रॅमच्या वर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम दाखवणारा रक्तातला आकडा. प्रत्येकाला एक गुण. वडिलांचे गुण दोन होतात. पोटातली महाधमनी म्हणून एक, जुना झटका म्हणून दुसरा. मधुमेह गोळ्यांवर आहे, म्हणून त्याला गुण नाही. कॅनडाच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून जे आकडे दिले, त्यांत दोन गुणांना १०.१ टक्के धोका आहे. पण हा धोका ३० दिवसांत मृत्यू, हृदय बंद पडणं किंवा हृदयविकाराचा झटका यांपैकी काहीही होण्याचा आहे. यातले बरेचसे झटके रुग्णाला जाणवतही नाहीत, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिन या प्रथिनावरून कळतात. म्हणजे एका सर्जनने 'जातील का' याचं उत्तर दिलं आणि दुसऱ्याने 'हृदयाला काही होईल का' याचं. दोघांनाही परत जाऊन एवढंच विचारा: हा आकडा नेमका कशाचा, किती दिवसांपर्यंतचा आणि कोणत्या शस्त्रक्रियेचा? निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

आता उरलेला निम्मा, जो जास्त महत्त्वाचा आहे.

शस्त्रक्रियेचा धोका एकटा काही सांगत नाही. तो न केल्याच्या धोक्याशेजारी ठेवावा लागतो, आणि रुग्णालयातल्या बोलण्यात नेमकी हीच बाजू राहून जाते. ५.५ सेंटिमीटर ही सीमा दोन मोठ्या चाचण्यांतून आली आहे, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली ब्रिटनची आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली अमेरिकेची. दोन्हींत ४ ते ५.५ सेंटिमीटरचे फुगवटे असलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाची शस्त्रक्रिया लगेच, दुसऱ्यावर ठरावीक अंतराने सोनोग्राफी करून नुसती नजर. आयुष्यमानात फरक पडला नाही. नजरेखालच्या गटात फुगवटा फुटण्याचं प्रमाण वर्षाला सुमारे १ टक्का किंवा त्याहून कमी होतं. हा पुरावा मुख्यतः पुरुषांचा आहे. स्त्रियांत फुगवटा त्याच आकाराला साधारण तिपटीने जास्त फुटतो, म्हणून त्यांच्यासाठी सीमा ५ सेंटिमीटरच्या आसपास धरतात.

५.५ च्या वर काय होतं, याचे आकडे मिळवणं अवघड आहे, कारण त्यापुढे बहुतेकांची शस्त्रक्रिया होते. राहतात ते नको म्हणणारे किंवा झेपणार नाही असे. २००२ मध्ये अशाच रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात ५.५ ते ५.९ सेंटिमीटरच्या फुगवट्यांपैकी ९.४ टक्के वर्षभरात फुटले, आणि ७ च्या वरचे ३२.५ टक्के. २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र केले, तेव्हा हेच आकडे बरेच खाली आले: ५.५ ते ६ ला वर्षाला ३.५ टक्के आणि ७ च्या वर ६.३ टक्के. वडिलांचा खरा धोका या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. फुटल्यावर मात्र चित्र भयानक असतं. अनेक जण रुग्णालयात पोचतच नाहीत. जे पोचतात त्यांच्यावर ब्रिटनमध्ये झालेल्या इम्प्रूव्ह चाचणीत, २०१४ मध्ये, स्टेंट-ग्राफ्टच्या आणि ओपनच्या अशा दोन्ही गटांत ३० दिवसांतला मृत्युदर ३५ टक्क्यांच्या वर होता.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, ५.६ ला घाई तासांची नाही, आठवड्यांची आहे. तयारीला वेळ आहे आणि तो वापरायचा आहे. मात्र पोटात किंवा पाठीत नव्याने दुखू लागलं, किंवा चक्कर येऊन ते पडले, तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच क्षणी रुग्णालय गाठायचं. दुसरी गोष्ट अशी की शस्त्रक्रियेचा धोका एकदाच पत्करायचा असतो, तर फुटण्याचा धोका दर वर्षी नव्याने उभा राहतो आणि फुगवट्यासोबत वाढत जातो. म्हणून निर्णय वडिलांच्या पुढच्या आयुष्याच्या अंदाजावर टेकलेला आहे. ज्याच्यापुढे दहा-बारा वर्षं आहेत त्याचा हिशेब एक, आणि ज्याचं हृदय दोन वर्षंही साथ देईल असं वाटत नाही त्याचा वेगळा. माझ्या मते धोक्याच्या मोजमापाचं खरं काम हेच आहे. माणूस टेबलावरून जिवंत उतरेल का, एवढंच बघून चालत नाही. या शस्त्रक्रियेचा फायदा मिळेपर्यंत तो जगेल का, हेही बघावं लागतं.

रक्तवाहिन्यांच्या रुग्णांत हे अधिकच खरं आहे, कारण धमन्यांचा आजार एका जागी थांबत नाही. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांनी पायातली किंवा मानेतली धमनी खराब केली, तर हृदयातली आणि मूत्रपिंडाची सोडलेली नसते. ओपन शस्त्रक्रियेत आम्ही महाधमनीला क्लॅम्प, म्हणजे रक्त थांबवणारा चिमटा, लावतो, तेव्हा हृदयाला अचानक बंद दारावर जोर लावावा लागतो. क्लॅम्प काढला की दाब कोसळतो आणि तोवर रक्ताविना राहिलेल्या पायांमधलं आम्ल व पोटॅशियम एकदम शरीरात पसरतं. निरोगी हृदय हे पेलतं. आठ वर्षांपूर्वी मार खाल्लेलं हृदय पेलेल का, ते बघावं लागतं. जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट बसवताना हा ताण जवळजवळ नसतो. सुरुवातीच्या मृत्युदरातला फरक मुख्यतः तिथून येतो.

मग ते कसं बघायचं? सहा मुद्द्यांची ती मोजपट्टी सगळ्या प्रकारच्या शस्त्रक्रियांच्या रुग्णांवर बनवलेली आहे. रक्तवाहिन्यांच्या रुग्णांत ती माणसामाणसांतला फरक तितका नीट ओळखत नाही, कारण इथे जवळजवळ प्रत्येकाला एक-दोन गुण मिळतातच. खास महाधमनी आणि पायांच्या शस्त्रक्रियांसाठी न्यू इंग्लंडमधल्या गटाने २०१० मध्ये वेगळी मोजपट्टी काढली. वय, धूम्रपान, फुप्फुसांचा जुनाट आजार, बीटा ब्लॉकरचा (हृदयाची गती कमी करणाऱ्या औषधाचा) दीर्घ वापर अशा गोष्टीही ती धरते. पण कुठल्याही मोजपट्टीला वडील दिसत नाहीत. दिवसभर उभं राहून काम करणारा ७४ वर्षांचा माणूस आणि खुर्चीतून उठताना हात टेकवणारा ७४ वर्षांचा माणूस, दोघांचे गुण सारखेच येतात.

म्हणून चालण्या-फिरण्याची ताकद विचारायची. पण तीही अंदाजाने नाही. मेट्स या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. डॉक्टरांनी नुसतं बोलून, बघून केलेला अंदाज अशक्त रुग्णांपैकी सुमारे १९ टक्केच ओळखू शकला. त्याच अभ्यासात बारा साध्या प्रश्नांची ड्यूक अ‍ॅक्टिव्हिटी स्टेटस इंडेक्स ही यादी जास्त उपयोगी ठरली. स्वतःचं आवरता का, सपाटीवर थोडं चालता का, जिना चढता का, घरातलं जड काम करता का, असे ते प्रश्न आहेत. ३४ च्या खाली गुण आले तर आम्ही सावध होतो. वडिलांच्या वतीने तुम्ही उत्तरं देऊ नका, त्यांनाच देऊ द्या. आणि आईसमोर द्यायला लावा. पुरुष स्वतःची ताकद वाढवून सांगतात, बायका ती लगेच दुरुस्त करतात. काही ठिकाणी सायकल चालवायला लावून श्वासातल्या वायूंची तपासणी करतात. त्यात ऑक्सिजन वापरण्याची एक पातळी, वजनाच्या प्रत्येक किलोमागे मिनिटाला ११ मिलिलिटर, ही जुनी सीमा आहे. तिच्या खालच्या रुग्णांना मोठी शस्त्रक्रिया जड जाते.

इथे एक फसवी जागा आहे. ज्यांच्या पायांच्या धमन्याही तुंबलेल्या असतात, ते शंभर पावलांवर पोटरी दुखते म्हणून थांबतात. त्यांना विचारलं की छातीत दुखतं का, दम लागतो का, तर ते नाही म्हणतात, आणि ते खरंच असतं. हृदयावर ताण पडण्याआधीच पाय थांबवतात. अशा रुग्णाला 'हृदयाची काही तक्रार नाही' असा शेरा मिळतो आणि खरं हृदय कोणी पाहिलेलंच नसतं. वडील चालताना कशाने थांबतात, हे मुद्दाम बघा.

आता अँजिओग्राफीचा प्रश्न. तर्क सरळ वाटतो: आधी हृदयातले अडथळे काढले की मोठी शस्त्रक्रिया सुरक्षित होईल. हा तर्क कार्प या चाचणीने तपासला, निष्कर्ष २००४ मध्ये आले. हृदयाच्या धमन्यांत मोठे अडथळे असलेले आणि रक्तवाहिन्यांची मोठी शस्त्रक्रिया ठरलेले ५१० रुग्ण. निम्म्यांना आधी स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना फक्त औषधं. पावणेतीन वर्षांच्या सुमारास एका गटात २२ टक्के आणि दुसऱ्यात २३ टक्के रुग्ण दगावलेले होते. शस्त्रक्रियेनंतरच्या झटक्यांतही फरक नव्हता. उलट हृदयाच्या उपचारांमुळे मूळ शस्त्रक्रिया लांबली. शिवाय नवा स्टेंट बसला की काही महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, आणि तोवर फुगवटा वाट बघत थांबत नाही. डाव्या मुख्य धमनीतला अडथळा, खूप कमजोर हृदय किंवा झडपेचा गंभीर आजार असलेले रुग्ण या चाचणीत घेतले नव्हते, हे मात्र विसरू नये.

म्हणून माझं उत्तर असं: फुगवटा नसता तरीही ज्या कारणासाठी अँजिओग्राफी केली असती, ते कारण आज असेल तरच करावी. छातीत दुखणं वाढतं आहे, थोड्या श्रमात दम लागतो, इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचं आकुंचन पूर्वीपेक्षा घसरलं आहे, अशी कारणं. नुसता 'फिटनेस' कागदावर यावा म्हणून नको. साधा ईसीजी, इको आणि हृदयावरचा ताण दाखवणारी बीएनपीची रक्ततपासणी यांतून बहुतेक वेळा पुरेसं कळतं.

औषधांत मात्र खूप काही हातात असतं. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, चालू नसेल तर चालू करावं, असेल तर शस्त्रक्रियेच्या दिवशीही थांबवू नये. बीटा ब्लॉकर आधीपासून चालू असेल तर तसंच ठेवायचं. पण शस्त्रक्रियेच्या तोंडावर, त्याच दिवशी, नव्याने सुरू करायचं नाही. २००८ मध्ये पॉइज या ८ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत हेच करून पाहिलं होतं. झटके कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. हिमोग्लोबिन कमी असेल तर त्याचं कारण शोधून ते आधी वाढवावं. क्रिएटिनिन बघावं, कारण सीटी अँजिओ आणि ईव्हार दोन्हींत कॉन्ट्रास्ट, म्हणजे मूत्रपिंडांवर ताण आणू शकणारं रंगद्रव्य, द्यावा लागतो. सिगारेट बंद आहे, हे वडिलांनी स्वतःसाठी आधीच केलेलं सर्वांत मोठं काम आहे. दम्यासारखी घरघर असेल तर छातीच्या डॉक्टरांकडून पंप आणि श्वासाचे व्यायाम सुरू करून घ्या. रोज थोडं जास्त चालणं आणि पुरेशी प्रथिनं, हे सहा आठवड्यांत खरोखर फरक पाडतं.

तुमच्या वडिलांसाठी कदाचित सर्वांत महत्त्वाचा निर्णय ओपन की ईव्हार हा असेल. सुरुवातीचे आकडे पाहून प्रत्येक जण ईव्हारकडे झुकतो आणि ७४ व्या वर्षी ते बऱ्याचदा योग्यही असतं. पण ईव्हार-१ चा पाठपुरावा पंधरा वर्षांपर्यंत झाला आणि २०१६ मध्ये जे दिसलं ते मी प्रत्येक रुग्णाला सांगते. पहिल्या सहा महिन्यांत ईव्हारचा फायदा होता, नंतर तो विरत गेला, आणि आठ वर्षांनंतर ओपन शस्त्रक्रिया झालेले जास्त जगत होते. कारण ईव्हारमध्ये फुगवटा जागीच राहतो, फक्त आतून अस्तर लागतं. कडेने किंवा मागच्या बारीक धमन्यांतून रक्त आत झिरपलं, ज्याला एंडोलीक म्हणतात, तर तो पुन्हा वाढून फुटू शकतो. म्हणून ईव्हारनंतर ठरलेल्या अंतराने तपासण्या जन्मभर. ज्याला त्या जमणार नाहीत, किंवा ज्याच्यापुढे चांगली पंधरा वर्षं दिसतात, त्याच्याशी मी ओपनबद्दल मोकळेपणाने बोलते.

ईव्हार टिकेल की नाही हे कुठल्याही हृदयाच्या मोजपट्टीत नसतं, ते सीटीत असतं. मूत्रपिंडांच्या धमन्या आणि फुगवटा यांच्यामधला निरोगी भाग, त्याला आम्ही नेक म्हणतो, किमान १० ते १५ मिलिमीटर लांब आणि फार वाकडा नसलेला लागतो. नेक आखूड असताना ओढूनताणून ईव्हार केलं, तर ३० दिवसांचा निकाल सुंदर दिसतो आणि पाचव्या वर्षी किंमत मोजावी लागते. सर्जनला सीटीवर बोट ठेवून नेक दाखवायला सांगा. चांगला सर्जन ते आनंदाने दाखवेल.

दुसऱ्या टोकाला ईव्हार-२. ओपन झेपणारच नाही अशा रुग्णांना ईव्हार द्यावं की काहीच करू नये, हा त्या चाचणीचा प्रश्न होता. ४०४ रुग्ण. ईव्हारनंतर ३० दिवसांत ७.३ टक्के गेले. पुढच्या वर्षांत फुगवट्यामुळे होणारे मृत्यू कमी झाले, पण एकूण आयुष्य वाढलं नाही, कारण हृदय आणि फुप्फुसांनी त्यांना आधीच नेलं. 'ओपन झेपत नाही ना, मग छोटी शस्त्रक्रिया करून टाकू' हे वाक्य ऐकलं की मला ही चाचणी आठवते. काही माणसांना खरंच काहीही न करणं हा उत्तम उपचार असतो, आणि तो सुचवणारा डॉक्टर रुग्णाला वाऱ्यावर सोडत नसतो. तुम्ही सांगितलेल्या माहितीवरून वडील त्या गटात बसतील असं वाटत नाही, पण इको आणि चालण्याची ताकद पाहिल्याशिवाय ते ठरत नाही.

मानेतल्या आणि पायातल्या धमन्यांनाही हाच हिशेब लागतो, थोडक्यात सांगते. पक्षाघाताची चुणूक येऊन गेलेल्या आणि कॅरोटिड, म्हणजे मानेतली धमनी, ७० टक्क्यांहून जास्त तुंबलेल्या रुग्णांत, नॅसेट चाचणीने १९९१ मध्ये दाखवलं की दोन वर्षांत त्या बाजूचा पक्षाघात औषधांवर २६ टक्के आणि शस्त्रक्रियेनंतर ९ टक्के होतो. पण हा फायदा सर्जनच्या हातावर उभा आहे; लक्षणं असलेल्यांत पक्षाघात किंवा मृत्यूचं प्रमाण ६ टक्क्यांच्या आणि लक्षणं नसलेल्यांत ३ टक्क्यांच्या आत राहिलं, तरच तो टिकतो. पायांच्या बाबतीत, गँगरीन होऊ घातलेल्या पायासाठी शिरेचा बायपास चांगला की अँजिओप्लास्टी, यावर २०२२ ची बेस्ट-सीएलआय आणि २०२३ ची बेसिल-२ या दोन चाचण्यांनी उलट दिशेला बोट दाखवलं. पहिलीत चांगली शीर उपलब्ध असलेल्यांत बायपास सरस ठरला, दुसरीत, जिथे गुडघ्याखालच्या धमन्यांचा आजार होता, अँजिओप्लास्टी झालेले जास्त जगले. रुग्ण वेगळे, आजाराची जागा वेगळी, मोजलेला परिणामही वेगळा. चाचणीत कोण होतं हे न बघता तिचा निकाल आपल्या माणसाला लावू नये, हे इथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसतं.

रुग्णालय निवडताना लोक सर्जनचं नाव बघतात. मी त्यासोबत रात्रीचा आयसीयू बघायला सांगेन. २००९ मध्ये अमेरिकेत ८४ हजारांहून अधिक सामान्य आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास झाला. सर्वांत कमी मृत्युदराच्या आणि सर्वांत जास्त मृत्युदराच्या रुग्णालयांत गुंतागुंतीचं प्रमाण जवळपास सारखं होतं, २४.६ आणि २६.९ टक्के. पण मोठी गुंतागुंत झाल्यावर पहिल्या गटात १२.५ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्यात २१.४ टक्के. काहीतरी बिघडणं सगळीकडे होतं. ते किती लवकर ओळखलं आणि सावरलं जातं, तिथे जीव वाचतो किंवा जातो. म्हणून विचारा: वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात? रात्री आयसीयूमध्ये कोण असतं? पहिले दोन-तीन दिवस ट्रोपोनिन बघता का? शस्त्रक्रियेनंतर हृदयाला झालेल्या इजेत बहुतेकांच्या छातीत दुखतच नाही, वेदनाशामकांखाली ते झाकलं जातं. रोज रक्त तपासलं नाही तर ती इजा कळत नाही, आणि अशा इजेनंतरचा महिना धोक्याचा असतो.

आणि वडिलांना विचारा की त्यांना नेमकं काय हवं आहे. ३० दिवस जिवंत राहणं हा आमचा मोजण्याचा परिणाम आहे, त्यांचा कदाचित नाही. ओपन शस्त्रक्रियेनंतर पूर्वीसारखं वाटायला तीन ते सहा महिने लागतात, आणि वयस्कर माणसांत काही दिवस भ्रम होऊ शकतो. घरच्यांना आधी माहीत असेल तर ते घाबरत नाहीत. पोटातल्या महाधमनीच्या शस्त्रक्रियेनंतर लैंगिक क्षमतेवर परिणाम होऊ शकतो, ईव्हारमध्ये ओटीपोटातली एक धमनी झाकावी लागली तर चालताना कुल्ला दुखू शकतो. याबद्दल कोणी स्वतःहून बोलत नाही आणि ७४ वर्षांच्या माणसाला त्याचं काही वाटत नसेल असं गृहीत धरतात. ते त्यांच्यासमोर बोललं गेलं पाहिजे, शक्यतो मुलं खोलीबाहेर असताना.

तर पुढचे काही आठवडे असे घालवा. मूत्रपिंडांपर्यंतचं नीट सीटी अँजिओ, इको, बीएनपी, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, ड्यूकचे प्रश्न. भूलतज्ज्ञांची भेट शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री नको, आधी वेळ ठरवून घ्या, म्हणजे त्यांनी सुचवलेल्या गोष्टी करायला दिवस उरतील. मग दोन्ही सर्जनांना एकच विचारा: वडिलांच्या वयाच्या आणि तब्येतीच्या माणसाला ओपन, ईव्हार आणि काहीच न करणं, या तिन्हींत पुढच्या पाच वर्षांत काय काय होऊ शकतं? दोघांची उत्तरं आता जेवढी लांब वाटतात तेवढी लांब राहणार नाहीत, असं मला वाटतं. राहिलीच, तर त्या दोघांनी एकमेकांशी फोनवर बोलावं अशी विनंती करायला संकोच करू नका.

एक राहिलं. ज्यांना महाधमनीचा फुगवटा असतो, त्यांच्यापैकी काहींना गुडघ्यामागच्या धमनीतही असतो, आणि तो फुटण्याऐवजी अचानक तुंबून पाय धोक्यात आणतो. सोनोग्राफी करताना वडिलांचे दोन्ही गुडघे बघून घ्यायला सांगा. आणि हा आजार कुटुंबात चालतो, त्यामुळे त्यांच्या भावंडांनी, आणि पन्नाशी ओलांडली असेल तर तुम्हीही, पोटाची एक सोनोग्राफी करून घ्या.